बाबू हरदास एल. एन. : न मांडलेला हिशेब

बाबू हरदास एल. एन. यांची जयंती ६ जानेवारीला येते आणि स्मृतिदिन १२ जानेवारीला. मध्ये फक्त सहा दिवस. १९०४ साली जन्मलेला हा माणूस १९३९ साली गेला, तेव्हा त्यांना पस्तीस वर्षे पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता. 'जयभीम' हे अभिवादन रुजवण्याचे श्रेय आपण त्यांना देतो. तेवढ्यावर थांबलो, तर त्या पस्तीस वर्षांत काय खर्ची पडले हे कळत नाही.

हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म कामठीचा. वडील रेल्वेत कारकून. हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातला मॅट्रिक झालेला मुलगा म्हणजे घराची मोठी आशा. १९२० साली, सोळाव्या वर्षी, साहूबाईंशी त्यांचे लग्न झाले. म्हणजे समाजकार्यात उतरले तेव्हा ते संसारी होते.

सतराव्या वर्षी, १९२१ साली, त्यांनी नागपुरात 'महारठ्ठा' हे साप्ताहिक काढले. साप्ताहिकाला दर आठवड्याला कागद लागतो, छपाईचे बिल येते, टपालखर्च होतो, आणि वाचक मात्र मोलमजुरी करणारा असतो. पुढच्याच वर्षी त्यांनी तरुणांचे 'महार समाज पथक' उभे केले. अत्याचार झाला की वस्तीच्या रक्षणाला धावणारे हे स्वयंसेवक. अशा पथकाच्या म्होरक्याला सुट्टीचा दिवस नसतो. रात्री दार वाजले की उठायचे. महिलांना शिकवण्यासाठी आश्रम, विडी कामगारांची पिळवणूक थांबवण्यासाठी सहकारी तत्त्वावर विडीचे काम, हेही त्यांनी सुरू केले.

१९२७ साली कामठीत रात्रशाळा सुरू झाल्या. ८६ मुले आणि २२ मुली त्यांत शिकत. आकडा वाचून आपण पुढे जातो. पण रात्रशाळा म्हणजे कंदिलाचे रॉकेल, पाट्या, जागा आणि दिवसभर काम करून आलेल्या माणसाची उरलेली संध्याकाळ. शिवाय संत चोखामेळा ग्रंथालय, पुस्तिका, नाटक.

१९२८ मध्ये बाबासाहेबांची भेट झाली. त्यानंतर कामाचा पसारा वाढतच गेला. १९३० साली नागपुरात अस्पृश्य वर्गाची परिषद, १९३२ साली कामठीत दुसरी. कामठीला ते स्वागताध्यक्ष होते. परिषद भरवलेला कोणताही कार्यकर्ता सांगेल, भाषण तासाभराचे असते आणि मांडव, जेवण, पाहुण्यांची उतरण्याची सोय यांत महिना जातो. गोलमेज परिषदेच्या काळात आमचे नेते बाबासाहेबच, हे ब्रिटिश पंतप्रधानांना कळवणारी तार हरदासांनी केली. विलायतेच्या तारेला शब्दागणिक पैसे पडत.

१९३७ साली नागपूर-कामठी मतदारसंघातून ते विधिमंडळावर निवडून आले. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या प्रांतिक शाखेचे अध्यक्ष झाले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. तोवर उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती, मोकळी हवा आणि चांगले अन्न. कामामुळेच क्षय झाला असे म्हणता येणार नाही. पण विश्रांती हेच औषध असलेल्या काळात चळवळीतल्या माणसाला नेमकी तीच परवडत नव्हती, हे खरे. त्यांच्यामागे साहूबाईंना वैधव्य आले. बॅनरवर त्यांचे नाव क्वचितच असते.

तरुण मित्रांनो, आपल्या प्रत्येक मंडळात एक छोटा हरदास असतो. शिबिराच्या मुलांना आणायला गाडीत पेट्रोल तो टाकतो. वर्गणी कमी पडली की डेकोरेशनवाल्याला तो सांभाळून घेतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मिटिंग असते आणि तो जातो. घरचे विचारतात, यातून मिळते काय? मंडळाच्या जमाखर्चात यातले काहीच येत नाही. दोन-तीन वर्षांनी तो दिसेनासा होतो आणि आपण म्हणतो, पोरगा थंड पडला.

तथागतांनी देहदंडाचा मार्ग सोडला होता. दान पवित्र आहे, पण एकाच माणसाकडून गुपचूप वसूल होत राहणारे दान म्हणजे संघाने अंग काढून घेणे होय. म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन रकाने वाढवा: कोणाच्या खिशातून किती गेले, आणि कोणाचे किती तास गेले. पैसे परत देता आले तर द्या. नाही आले तरी लिहा. तास वाटून घ्या. वर्षाला नेतृत्व बदला. आजारी कार्यकर्त्याला सक्तीची रजा द्या.

'जयभीम' म्हणायला पैसा लागत नाही. तो शब्द आपल्यापर्यंत पोचवायला मात्र एका माणसाचे तारुण्य लागले. ते विसरून त्यांच्या फोटोला हार घालणे सोपे आहे. त्यांच्यासारखे राबणाऱ्याला पस्तिशीनंतरही जगू देणे, हे खरे अभिवादन.

बाबू हरदास एल. एन. यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम!