स्त्रिया व शस्त्रशिक्षण

ज्या वस्तूचें भय वाटतें तिची ओळख करून घेतली म्हणजे भयाचें बहुतेक ओझें उतरतें, हा व्यवहारांतला रोजचा अनुभव आहे. खातेवहीस भिणारा नवशिका गुमास्ता चार महिने पेढीवर बसला कीं तीच वही सहज लिहूं लागतो. विहिरीच्या कांठीं रडणारें पोर पोहावयास शिकलें कीं हांका मारल्या तरी पाण्याबाहेर येत नाहीं. परंतु स्त्री आणि शस्त्र यांची गोष्ट निघाली कीं हा साधा न्याय आम्ही विसरतों. स्त्री स्वभावतःच भित्री, तिचा हात स्वभावतःच कांपरा, तिच्या हातीं बंदूक देणें म्हणजे माकडाच्या हातीं कोलीत देणें, असें म्हणून आम्ही मोकळे होतों. आणि जें तिला कधीं कोणीं शिकविलेंच नाहीं तें तिला येत नाहीं, हाच तिच्या असमर्थतेचा पुरावा म्हणून पुढें मांडतों. हा पुरावा किती पोकळ आहे हें अमेरिकेंतील एका गरीब शेतकऱ्याच्या मुलीनें आपल्या आयुष्यानें दाखविलें. तिचें नांव ॲनी ओकली. तिच्या नेमबाजीचे चमत्कार पुष्कळांनीं ऐकिले असतील. तिनें इतर स्त्रियांस काय शिकविलें व कां शिकविलें, हें मात्र थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून तिचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ॲनीचा जन्म १३ ऑगस्ट १८६० रोजीं ओहायो संस्थानांतील डार्क परगण्यांत एका लांकडी झोंपडींत झाला. आईबाप क्वेकर पंथाचे, म्हणजे शांतिधर्म मानणारे. ॲनी पांच-सहा वर्षांची असतांना बाप हिमवादळांत सांपडला आणि त्या दुखण्यांतून न उठतां १८६६ सालीं वारला. पदरीं मुलें पुष्कळ आणि घरांत अन्न थोडें. आईनें निरुपायानें ॲनीस परगण्याच्या अनाथाश्रमांत ठेविलें. तेथें ती शिवणकाम व भरतकाम शिकली. पुढें एका शेतकरी कुटुंबानें मजुरी व शाळा यांचें आश्वासन देऊन तिला आपल्या घरीं नेलें. शाळा तर राहिलीच, पण सुमारें दोन वर्षें त्या पोरीस बटकीप्रमाणें राबविलें, मारहाण केली, आणि एकदां शिक्षा म्हणून अनवाणी बर्फांत उभें केलें. अखेर ती तेथून पळून आली. त्या कुटुंबाचें खरें नांव तिनें जन्मभर उच्चारिलें नाहीं. त्यांचा उल्लेख ती लांडगे असाच करी. निराधार मुलीवर बंद दाराआड काय गुदरतें हें तिनें पुस्तकांत वाचलें नव्हतें, अंगावर सोसलें होतें. पुढें तिनें स्त्रियांच्या संरक्षणाविषयीं जो आग्रह धरिला त्याचें मूळ याच दोन वर्षांत असावें, असें आम्हांस वाटतें.

घरीं परत आल्यावर तिनें बापाची जुनी बंदूक खांद्यास लाविली. ती हौस नव्हती, उदरनिर्वाह होता. रानांतले तितर व ससे मारून ती ग्रीनव्हिल गांवच्या दुकानदारास विकी आणि तेथून तो माल सिनसिनाटी शहरच्या हॉटेलांत जाई. तिच्या मालास मागणी अधिक असे. ती सावजाच्या डोक्याचाच वेध घेई, त्यामुळें मांसांत छर्रे राहत नसत व गिऱ्हाइकाच्या दांतांखालीं शिसें येत नसे. आमच्या व्यापारी वाचकांस या गोष्टीचें मर्म सांगावयास नको. अशा कमाईंतून तिनें पंधरा वर्षांची होईतों आईच्या घरावरील गहाणाचे सुमारें २०० डॉलर फेडून टाकिले. ज्या वयांत मुलीस परक्याचें धन म्हणण्याची आमच्याकडे चाल पडली होती, त्या वयांत तिनें आईचें घर सोडवून दिलें.

तारुण्याच्या आरंभीं सिनसिनाटीजवळ फ्रँक बटलर नांवाच्या नामांकित नेमबाजाशीं तिचा सामना ठरला. समोर पोरसवदा मुलगी उभी राहिलेली पाहून त्यास हंसूं आलें. परंतु त्याचा एक नेम चुकला आणि तिचा एकही चुकला नाहीं. हरलेल्या पुरुषानें चिडून निघून जावें ही जगाची रीत. बटलरनें त्या मुलीस मागणी घातली, लग्न केलें आणि पन्नास वर्षांच्या सुमाराचा संसार केला. त्याहून मोठी गोष्ट पुढें आहे. बायकोचा हात आपल्यापेक्षां सरस आहे हें ओळखून त्यानें स्वतः रंगभूमीवरून मागें सरून तिची व्यवस्था पाहण्याचें काम पत्करिलें. पत्नी पुढें गेली म्हणजे आपण लहान होतों असें मानणाऱ्या पतींनीं या गृहस्थाकडे अवश्य पाहावें.

१८८४ सालीं सू जमातीचा प्रसिद्ध नायक सिटिंग बुल यानें तिचें कसब पाहून तिला मुलगी मानिलें. १८८५ पासून ॲनीबाई बफेलो बिलच्या खेळांत दाखल झाल्या. हवेंत उडविलेले काचेचे गोळे फोडणें, पत्त्याच्या कडेवर नेम साधणें, आरशांत पाहून पाठीमागचें निशाण टिपणें, असे त्यांचे प्रयोग पाहावयास हजारों लोक लोटत. १८८७ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं त्या लंडनास गेल्या. तेथें चार्ल्स लँकेस्टर नांवाच्या बंदुका करणाऱ्या पेढीनें त्यांच्या अंगलटीस बेताच्या, हलक्या बंदुका त्यांस करून दिल्या. बाई जेमतेम पांच फूट उंच. जड बंदुकीनें त्यांचा हात बांधल्यासारखा होई. हलकी व मापाची बंदूक मिळतांच नेम आणखी सुधारला. यांत नवशिक्या स्त्रियांसाठीं पहिला धडा आहे. धिप्पाड पुरुषाच्या मापाची बंदूक लहान चणीच्या बाईच्या हातीं द्यावी, तिचा दस्ता खांद्यावर आदळून बाई कळवळली कीं हें काम बायकांचें नव्हे म्हणून हंसावें, हा अनुभव पुष्कळ ठिकाणीं येतो. तेथें चूक बाईची नसते, मापाची असते.

शस्त्र हातीं आलें म्हणजे स्त्रीपण जातें, असा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. ॲनीबाईंचें वर्तन हेंच त्यास उत्तर आहे. त्या आपले पोषाख स्वतः शिवीत, खेळ नसेल तेव्हां तंबूंत भरतकाम करीत बसत, आणि त्या काळच्या कुलीन स्त्रियांप्रमाणें घोड्यावर एका बाजूसच बसत. राहणी साधी, पैशाचा हिशेब चोख. ज्या हातानें सुईंत दोरा ओवावा त्याच हातानें नेम साधावा, यांत त्यांस विसंगति वाटली नाहीं. खरोखर दोन्ही कामांस लागतें तें एकच: स्थिर हात आणि शांत मन.

१९०१ सालीं आगगाडीच्या अपघातांत त्यांच्या पाठीस जबर इजा झाली व त्यांनीं तो खेळ सोडला. त्यानंतर १९०३ सालीं त्यांच्यावर जें संकट आलें तें बंदुकीनें निवारण्याजोगें नव्हतें. शिकागो येथें एका बाईनें चोरीच्या आरोपावरून पकडली गेल्यावर आपलें नांव ॲनी ओकली म्हणून सांगितलें. आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या पत्रानें कसलीही चौकशी न करितां, प्रसिद्ध ॲनी ओकली कोकेनच्या व्यसनापायीं चोर बनली, अशी बातमी छापिली. ती देशभरच्या पत्रांनीं उचलली. बाई त्या वेळीं शेंकडों मैल दूर होत्या. पत्रांनीं खुलासे छापिले, पण त्यांचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. त्यांनीं ५५ पत्रांवर अब्रुनुकसानीचे दावे लाविले, गांवोगांव जाऊन साक्षी दिल्या, आणि सुमारें सहा-सात वर्षें झगडून ५४ दाव्यांत यश मिळविलें. भरपाईपेक्षां खर्च अधिक झाला. पैसा गेला, नांव राहिलें. आम्ही वृत्तपत्राच्या धंद्यांतले. म्हणून ही हकीकत लिहितांना आम्हांस अभिमान वाटत नाहीं. परंतु तीवरून इतकें दिसतें कीं, या बाईस शस्त्राची मर्यादा ठाऊक होती. अब्रूवरचा घाला कायद्यानें परतवावा, अंगावरचा घाला दुसरा उपायच नसेल तेव्हां शस्त्रानें, हा भेद त्यांनीं कधीं विसरला नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. स्त्रीनें बंदूक चालविण्यास शिकावें, ती तिला स्वयंपाकघरांतील भांड्याइतकी किंवा कडेवरच्या मुलाइतकी सवयीची व्हावी, असें ॲनीबाईंचें मत होतें. आणि त्या नुसतें मत देऊन थांबल्या नाहींत. लंडनांत त्यांनीं स्त्रियांस धडे दिले. पुढें १९१५ पासून कांहीं वर्षें हे दांपत्य हिवाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनांतील पाइनहर्स्ट येथें राही. तेथील गन क्लबांत बाईंनीं शेंकडों स्त्रियांस नेमबाजी शिकविली, आणि तीही विनामूल्य. जन्मभरांत त्यांच्या हाताखालून सुमारें १५,००० स्त्रिया शिकून गेल्या असाव्या असा अंदाज सांगतात. तो आंकडा थोडा फुगीर मानिला तरी काम डोंगराएवढें आहे. ज्या विद्येच्या प्रदर्शनास राजे पैसे मोजीत, ती त्यांनीं गृहिणींस फुकट दिली.

एकट्यानें हिंडणाऱ्या स्त्रीनें स्वसंरक्षणार्थ पिस्तूल कसें बाळगावें, हेंही त्यांनीं दाखविलें. छत्रीच्या आड रिव्हॉल्व्हर हातांत धरून चालावें, म्हणजे वाटमाऱ्यास तें दिसत नाहीं व वेळेवर उपयोगीं पडतें, हें दाखविणारें त्यांचें छायाचित्र सिनसिनाटीच्या एका वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें होतें. यांतील तत्त्व उघड आहे. पिशवीच्या तळाशीं रुमाल, किल्ल्या व सुटे पैसे यांखालीं दडलेलें शस्त्र प्रसंगीं हातीं येत नाहीं. चोरानें पिशवी हिसकावली तर तें त्याच्याच हातीं जातें. म्हणून लपविण्याची कला ही शस्त्रविद्येची शेवटची पायरी होय, पहिली नव्हे. पहिली पायरी म्हणजे बंदूक भरलेलीच आहे असें मानून वागणें. दुसरी, नळीचें तोंड कोणाही माणसाकडे न वळविणें. तिसरी, नेम धरीपर्यंत चापावर बोट न ठेवणें. चौथी, निशाणाच्या पलीकडे कोण आहे हें आधीं पाहणें. या चार पायऱ्या अंगवळणीं पडल्यावांचून जो किंवा जी पिस्तूल जवळ बाळगते ती आपलें संरक्षण करीत नाहीं, घरांत एक नवें संकट आणते.

ॲनीबाईंचीं सर्वच मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. स्त्रियांच्या मतदानाच्या चळवळीस त्यांनीं उघड साथ दिली नाहीं, ही त्यांच्या चरित्रांतील उणीव आम्हांस खटकते. बंदुकीचा हक्क मागणाऱ्या बाईनें मताचा हक्क मागण्यास मागें राहावें हें विचित्रच. तथापि त्यांची देशसेवेची तयारी पुरुषांहून कमी नव्हती. १८९८ सालीं स्पेनशीं युद्धाचा रंग दिसतांच त्यांनीं अध्यक्ष मॅकिन्ले यांस पत्र लिहून, आपापल्या बंदुका व काडतुसें घेऊन येणाऱ्या ५० नेमबाज स्त्रियांची तुकडी देऊं केली. सरकारनें ती घेतली नाहीं. १९१७ सालीं पुन्हां त्यांनीं असाच प्रस्ताव केला; तोही गेला. तेव्हां त्या लष्करी छावण्यांतून खेळ करीत फिरल्या व रेडक्रॉससाठीं निधि जमविला. १९२२ सालीं मोटारीच्या अपघातांत पाय अधू झाला, तरी पायास आधाराची पट्टी लावून त्या पुन्हां नेमबाजीस उभ्या राहिल्या. ३ नोव्हेंबर १९२६ रोजीं ग्रीनव्हिल येथें त्यांचा अंत झाला. अठरा दिवसांनीं फ्रँक बटलरही गेला.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावें? अमेरिकेचा कायदा व आमचा कायदा एक नव्हे. आमच्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून पिस्तूल बाळगणें हा गुन्हा आहे, आणि घरोघरीं पिस्तुलें व्हावीं असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आमचें म्हणणें शिक्षणाविषयीं आहे. कित्येक व्यापाऱ्यांच्या घरीं तिजोरीशेजारीं परवान्याचें शस्त्र असतें. पण तें रिकामें आहे कीं भरलेलें, हें घरांतील बाईस पाहतां येतें काय? धनी बाहेरगांवीं असतांना ती त्या कपाटाजवळ जाण्यासही भिते, आणि पोरें मात्र भीत नाहींत. अशा घरांत शस्त्र हें संरक्षण नसून उघडी विहीर होय. ज्या घरांत शस्त्र आहे त्या घरांतील प्रत्येक प्रौढ स्त्रीस त्याचें सुरक्षित ज्ञान असलेंच पाहिजे.

आणि जेथें शस्त्र नाहीं तेथेंही मुलीस रायफल क्लबांत जाऊं देण्यास हरकत कोणती? शिक्षकाच्या देखरेखीखालीं एअर रायफल चालविल्यानें शीलास धक्का लागत नाहीं. श्वास आवरणें, दृष्टि स्थिर ठेवणें, घाई न करणें हे गुण मात्र अंगीं येतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. त्याच शहरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई खेळांत पिस्तुलाचें सुवर्णपदक आणिलें. त्यांचे हात कांपरे होते काय? त्यांच्या मागें उभें राहणारें घर त्यांस लाभलें, एवढाच काय तो फरक. दुकानाचा विमा उतरविणारे, तिजोरीस दुहेरी कुलूप लावणारे सुज्ञ गृहस्थ मुलीच्या रक्षणाचा विचार निघाला कीं तिला संध्याकाळच्या आंत घरीं बोलावून स्वस्थ बसतात. मुलीस कोंडून ठेवणें हा रक्षणाचा सर्वांत सोपा उपाय खरा; पण ॲनीस ज्या घरांत छळ सोसावा लागला त्या घराचींही दारें बंदच होतीं.