हेन्री रेव्हिंग्टन

हेन्री रेव्हिंग्टन हा सतराव्या शतकातील इंग्रज व्यापारी व ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर येथील वखारीचा प्रमुख होता. इ.स. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळगडाला घातलेल्या वेढ्यात उखळी तोफ व गोळे घेऊन तो विजापुरी छावणीत गेला आणि कंपनीचे निशाण लावून गडावर मारा करण्यात सहभागी झाला. या कृत्याबद्दल छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरच्या इंग्रजांना कैद केले. या कैद्यांपैकी काहींना कोयना खोऱ्यातील वासोटा किल्ल्यावर ठेवण्यात आले होते. लढणाऱ्या सैन्याला शस्त्रे विकणाऱ्या व्यापाऱ्याची नैतिक जबाबदारी कोठपर्यंत जाते, या प्रश्नाचे मराठ्यांच्या इतिहासातील हे एक ठळक उदाहरण आहे.

राजापूरची वखार

राजापूर हे अर्जुना नदीच्या खाडीवरील कोकणातील भरभराटीचे बंदर होते. अणुस्कुरा घाटाने ते कोल्हापूर, पन्हाळा व पुढे विजापूरकडील देशाशी जोडलेले होते. मिरी, वेलदोडे व कापड यांच्या खरेदीसाठी इंग्रजांची नजर या बंदराकडे वळली आणि तेथे त्यांची वखार सुरू झाली. बंदरावर त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. या भागाची सुभेदारी रुस्तुमेजमान या सरदाराकडे होती. त्यामुळे राजापूरच्या इंग्रजांचा व्यापार विजापूर दरबाराच्या मर्जीवर अवलंबून असे.

वखारीचा प्रमुख म्हणून रेव्हिंग्टनच्या हाताखाली फिलिप गिफर्ड, रिचर्ड टेलर, रॅन्डॉल्फ टेलर इत्यादी इंग्रज नोकर होते. वखारीचे मुख्य ठाणे सुरतेस होते. तेथील अध्यक्ष व त्याचे कौन्सिल पश्चिम किनाऱ्यावरील सर्व वखारींचा कारभार पाहत असे. राजापूर ते सुरत हे अंतर व दळणवळणाची साधने लक्षात घेता वखारीच्या प्रमुखाला पुष्कळसे निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागत. रेव्हिंग्टनच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय याच प्रकारचा होता.

दख्खनमधील शस्त्रांचा व्यापार

सतराव्या शतकात दख्खनमध्ये सैनिक व शस्त्र यांचे नाते आजच्यापेक्षा वेगळे होते. घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. पायदळातील मावळेही बहुधा आपापली ढाल-तलवार घेऊन येत; दारूगोळा मात्र सरकारातून पुरविला जाई. तलवार, कट्यार, बिचवा, खंजीर ही हत्यारे सैनिकाला स्वतःच्या पैशाने बाजारातून घ्यावी लागत व त्यांचा कस त्याच्या जिवावरच बेतलेला असे. युरोपातून आलेल्या पात्याला देशी मूठ बसविलेली तलवार ‘फिरंग’ या नावाने ओळखली जाई व तिला मोठी मागणी होती.

अशा पात्यांचा व्यापार करणाऱ्याला विशेष दोष दिला जात नसे. बाजारात आलेले पाते कोणीही विकत घेई. ते कोणत्या पक्षाच्या कमरेला लागेल हे विकणाऱ्याला माहीत नसे. उखळी तोफ व तिचे गोळे यांची गोष्ट निराळी होती. हा माल एकट्या सैनिकाला विकता येत नसे. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे एखादे राज्य किंवा सेनापती असे. शिवाय तो चालविणारा जाणकार माणूस विक्रेत्याकडेच असल्यामुळे मालाबरोबर त्याचे प्रात्यक्षिकही करून दाखवावे लागे. प्रात्यक्षिकासाठी निवडलेले ठिकाण प्रत्यक्ष रणांगण असेल, तर विक्री व युद्ध यांतील सीमारेषा पुसली जात असे. रेव्हिंग्टनच्या बाबतीत नेमके हेच घडले.

शिवाजी महाराजांशी पहिला संबंध

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. त्यानंतर मराठी फौजांनी वेगाने दक्षिणेकडे मुसंडी मारली व त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळगड घेतला. डिसेंबरमध्ये कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमान व अफझलखानाचा मुलगा फाजलखान यांचा पराभव झाला. जानेवारी १६६० मध्ये मराठ्यांची एक तुकडी राजापुरास आली. अफझलखानाची गलबते या बंदरात होती व ती ताब्यात घेणे हा तिचा हेतू होता. या गलबतांवरून इंग्रजांशी वाद झाला आणि गिफर्ड व कंपनीचा एक देशी दलाल मराठ्यांच्या ताब्यात सापडले.

त्यांच्या सुटकेसाठी रेव्हिंग्टनने फेब्रुवारी १६६० मध्ये शिवाजी महाराजांना पत्र लिहिले. त्यात त्याने महाराजांचा उल्लेख हिंदू फौजांचा सेनापती असा केला आणि मैत्रीची इच्छा दर्शवून दंडाराजपुरीच्या मोहिमेत साहाय्य देण्याची तयारी दाखविली. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध इंग्रजांची मदत मिळावी ही महाराजांचीही अपेक्षा होती. पुढे गिफर्डची सुटका झाली. या पत्रामुळे इंग्रज आपले मित्र नसले तरी निदान तटस्थ राहतील, असे मराठ्यांना वाटण्यास आधार होता. त्यानंतरच्या घटनांना जी कटुता आली, तिचे मूळ या आश्वासनात आहे.

पन्हाळ्याचा वेढा

मार्च १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळगडावर असताना विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. आदिलशहाने त्याला सलाबतखान असा किताब देऊन या मोहिमेवर पाठविले होते. गड उंच व बळकट असल्याने साध्या तोफांचा त्यावर फारसा उपयोग होत नव्हता. अशा वेळी उंच कमानीने तटापलीकडे गोळा फेकणारी उखळी तोफ वेढा घालणाऱ्याला हवी होती व ती राजापूरच्या इंग्रजांजवळ होती.

वेढा चालू असताना रेव्हिंग्टन काही सहकाऱ्यांसह तोफ व गोळे घेऊन घाट चढून पन्हाळ्यास पोहोचला. सिद्दी जौहरची मर्जी संपादन करणे व आपला माल खपविणे हे दोन्ही हेतू त्यामागे होते. विजापूरचा विजय होईल आणि राजापूरचा व्यापार पुन्हा निर्वेध चालेल, असा त्याचा हिशेब होता. मालाची पारख व्हावी म्हणून इंग्रजांनी स्वतः गडावर गोळे डागले आणि तसे करताना आपले निशाण फडकाविले. गडावरील लोकांना ते निशाण ओळखता आले.

या गोळ्यांनी वेढ्याचा निकाल लागला नाही. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज भर पावसात वेढ्यातून निसटले. बाजीप्रभू देशपांडे व त्यांच्या सोबतच्या मावळ्यांनी घोडखिंडीत शत्रूला रोखून धरले व महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचले. पुढे पन्हाळगड विजापूरच्या हवाली करण्यात आला. रेव्हिंग्टनच्या मालाने गड पडला नाही; तथापि त्याने दिलेला शब्द मात्र मोडला होता.

राजापूरवरील स्वारी व कैद

फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाचा पराभव केल्यावर शिवाजी महाराज कोकणात उतरले. दाभोळ, संगमेश्वर हा भाग घेत ते मार्च १६६१ मध्ये राजापुरास आले. इंग्रजांची वखार जप्त करण्यात आली, तेथील माल नेण्यात आला व पुरलेले द्रव्य शोधण्यासाठी जमीन खणण्यात आली. रेव्हिंग्टन, रिचर्ड टेलर, रॅन्डॉल्फ टेलर व गिफर्ड हे कैद झालेल्या इंग्रजांतील प्रमुख होते.

कैद्यांना प्रथम सह्याद्रीच्या अंतर्भागात नेण्यात आले. कोयनेच्या खोऱ्यातील वासोटा हा किल्ला १६६० मध्ये, महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात असतानाच, मराठ्यांच्या पायदळाने घेतला होता. घनदाट अरण्य, तिन्ही बाजूंचे तुटलेले कडे आणि कोकणच्या बाजूस कोसळणारी खोल दरी यांमुळे कैदी ठेवण्यास तो सर्वथा योग्य होता. पुढे कैद्यांना महाडजवळील सोनगड येथे हलविण्यात आले. रावजी पंडित या मराठी अधिकाऱ्याकडे त्यांची जबाबदारी होती.

सुटकेच्या वाटाघाटींत दोन प्रस्ताव पुढे आले. एक म्हणजे खंडणी देणे आणि दुसरा म्हणजे दंडाराजपुरी घेण्यास मराठ्यांना साहाय्य करणे. दुसऱ्या प्रस्तावात सूक्ष्म अर्थ होता. विजापूरच्या सेनापतीला जी मदत पैशासाठी व मर्जीसाठी दिली गेली, तीच मदत आता बंधमुक्तीची किंमत म्हणून मागितली जात होती. कंपनीने यांपैकी काहीही मान्य केले नाही. कैद्यांनी एकदा पळून जाण्याचा प्रयत्न केला. परंतु ते पकडले गेले व त्यांच्यावरील पहारा अधिक कडक झाला.

सुरत कौन्सिलची भूमिका

आपण कंपनीच्या सेवेत असताना कैद झालो, तेव्हा कंपनीने आपली सुटका करावी, असे कैद्यांचे म्हणणे होते. त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना कठोर शब्दांत पत्रे लिहिली. मार्च १६६२ मध्ये सुरत कौन्सिलने दिलेले उत्तर या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद मानले जाते. कंपनीच्या मालाचे रक्षण करताना त्यांना कैद झालेली नसून, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निशाणाखाली त्यांनी गोळे टाकले म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली आहे, असे त्यात स्पष्टपणे बजावण्यात आले होते. शिवाजी महाराजांच्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्याने असाच सूड घेतला असता, असेही मत कौन्सिलने नोंदविले.

कंपनीच्याच वरिष्ठांनी आपल्या नोकरांविरुद्ध दिलेला हा निर्णय लक्षणीय आहे. व्यापारी व लढवय्या या दोन भूमिका एकाच वेळी वठविता येत नाहीत, हे तत्त्व त्यात मान्य केलेले दिसते. तथापि कौन्सिलच्या भूमिकेत स्वार्थही होता. दोष नोकरांच्या माथी मारल्याने कंपनीवरील खंडणीचा भार आपोआप टळत होता.

सुटका व नंतरचे परिणाम

फेब्रुवारी १६६३ मध्ये रावजी पंडिताने कैद्यांना मुक्त केले व यापुढे इंग्रजांना उपद्रव होणार नाही असे अभय देण्यात आले. राजापूरच्या वखारीच्या नुकसानीचा वाद मात्र दीर्घकाळ रेंगाळला. १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक व १६७३ मध्ये थॉमस निकल्स हे इंग्रज वकील या भरपाईसाठी महाराजांकडे आले होते. अखेर राज्याभिषेकाच्या वेळी, जून १६७४ मध्ये, रायगडावर हेन्री ऑक्झेंडनने केलेल्या तहात भरपाईचा प्रश्न मिटला व राजापूरची वखार पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली.

या प्रकरणाचा धडा इंग्रजांच्या लक्षात राहिला. पुढील काळात महाराजांनी सिद्दीविरुद्ध तोफा व गोळे मागितले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी उघड पुरवठा करण्याचे टाळले. मोगलांचा रोष व सिद्दीचे आरमार यांची भीती हे त्याचे मुख्य कारण होते. मराठ्यांच्या बाजूनेही सावधगिरी वाढली. सुमारे १७१५ मध्ये रचल्या गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकार व व्यापारी यांना राज्याची शोभा मानले आहे. टोपीकर मात्र इतर सावकारांसारखे नसून त्यांच्यामागे त्यांची राज्ये आहेत आणि आरमार व दारूगोळा हे त्यांचे बळ आहे, असा इशाराही तेथे दिला आहे.

मूल्यमापन

रेव्हिंग्टनच्या बाजूने काही गोष्टी सांगता येतात. राजापूर विजापूरच्या राज्यात होते व तेथील व्यापाराचा परवाना विजापूरचा होता. त्या राज्याच्या सेनापतीला नकार देणे वखारीला महाग पडले असते. शस्त्रविक्री हा तत्कालीन सर्व युरोपीय कंपन्यांच्या व्यापाराचा भाग होता व मराठ्यांनीही युरोपीयांकडून तोफा विकत घेतल्या. त्यामुळे केवळ विक्रीसाठी त्याला दोषी ठरविणे कठीण आहे.

त्याचा दोष विक्रीपलीकडे आहे. एका पक्षाला मैत्रीचे आश्वासन देऊन काही महिन्यांतच त्याने दुसऱ्या पक्षाच्या छावणीत आपला माल मांडला. मालाचा गुण पटवून देण्यासाठी त्याने जिवंत माणसांवर गोळे डागू दिले आणि नफ्याच्या व्यवहाराला आपल्या राष्ट्राच्या निशाणाची प्रतिष्ठा दिली. विकलेल्या हत्याराचा वापर कोण करील यावर व्यापाऱ्याचा ताबा नसतो, ही सबब येथे लागू पडत नाही. कारण वापर करणारा व विकणारा येथे एकच होता. शिवाजी महाराजांनी दिलेली शिक्षाही या भेदाला धरून दिसते. त्यांनी इंग्रजांना कायमचे हद्दपार केले नाही. कैद संपल्यावर अभय दिले व पुढे व्यापाराची परवानगीही दिली.

वासोटा आज

कोयना धरणाच्या बांधणीनंतर कोयनेचे खोरे शिवसागर जलाशयाखाली गेले. धरणाच्या बांधकामातून उभे राहिलेले कोयनानगर पाटण तालुक्यात, कराड–चिपळूण मार्गावर आहे. जलाशयाच्या वरच्या अंगास, कोयना अभयारण्याच्या गर्द रानात वासोटा किल्ला उभा आहे. बामणोली येथून होडीने जलाशय ओलांडून व पुढे जंगलातील वाट चढून किल्ल्यावर जाता येते. सतराव्या शतकात राजापूरच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी ज्या कड्यांच्या आड कैद भोगली, ते ठिकाण आता गिर्यारोहक व इतिहासाच्या अभ्यासकांचे आवडते स्थळ झाले आहे.