सिंदखेडची लेक आणि अज्ञानदासाचा पोवाडा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाबाईसाहेबांचे माहेर, हे येथील शाळकरी पोरही जाणते. परंतु स्वराज्य जिवावरच्या युद्धात गुंतले असता बाईंनी एका शाहिराच्या कवनाची काय किंमत केली, याचा विचार आमचे व्यापारी बंधू क्वचितच करीत असतील. म्हणून हा लेखनप्रपंच.

बाईंचा जन्म सन १५९८ चा, लखुजी जाधवरावांच्या घरी. पिता व भाऊ १६२९ साली दौलताबादेस निजामशाही दरबारात दग्याने मारले गेले. पुढे थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. अफझलखानाने वेळेवर कुमक केली नाही, हे शल्य बाईंच्या मनात राहिले असे मानतात. तोच खान १६५९ साली स्वराज्यावर चालून आला आणि १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाखाली शिवरायांच्या हातून मारला गेला.

यानंतर विसाव्याचे दिवस आले, असे कोणी समजू नये. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला. शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला. अशा धामधुमीत बाईंनी अज्ञानदास शाहिरास बोलावून प्रतापगडचा प्रसंग कवनात बांधावयास सांगितले, आणि महाराजांनी त्यास एक घोडा व शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस दिला, असे परंपरा सांगते. लढाईच्या दिवसांत घोड्याचे मोल काय, हे हिशेबी मनुष्यास सांगणे नको. आमच्या मते हा दानधर्म नव्हे. बखरी मागाहून झाल्या, आणि त्या वाचणारे थोडे. शेतकऱ्याच्या नि मावळ्याच्या कानी लढाई गेली ती शाहिराच्या तोंडून. पुढच्या मोहिमेस ज्यांनी पोरे धाडावयाची, त्यांस मागची मोहीम कशासाठी झाली हे कळावयास नको काय?

आज उपलब्ध असलेल्या ऐतिहासिक पोवाड्यांत हा सर्वांत जुना गणला जातो. तो छापून आला १८९१ साली, अॅक्वर्थ नामक इंग्रज अंमलदार व शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या संग्रहात. शाळिग्रामांचे श्रम थोरच. पण त्या कामी परक्या साहेबाचा हात लागावा, आणि गोंधळ्या-शाहिरांस अंगणातच उभे करून पसाभर धान्यावर त्यांची बोळवण करणाऱ्या आम्हां सुशिक्षितांस तोवर त्याची गरज भासू नये, ही गोष्ट आम्हांस फार बोचते.

६ जून १६७४ चा राज्याभिषेक बाईंनी डोळ्यांनी पाहिला. अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाड येथे त्यांनी देह ठेवला.

येत्या १२ जानेवारीच्या उत्सवाची वर्गणी मागावयास मंडळी दुकानी येतील, तेव्हा तीतून शाहिराच्या वाट्यास काय येणार, एवढे त्यांस अवश्य विचारावे.