पियानोतून गिटारकडे : फ्रान्सिस्को तारेगा

तारेगाचे नाव न ऐकलेल्यांनीही त्याचे स्वर ऐकलेले असतात. नोकिया फोनची ती धून त्याच्या १९०२ च्या 'ग्रान वाल्स'मधली.

त्याचा जन्म १८५२ साली स्पेनमधल्या विल्यारेआलचा. लहानपणी पाण्याच्या पाटात पडून त्याची दृष्टी कायमची अधू झाली. निदान पोट तरी भरता यावे म्हणून वडिलांनी त्याला संगीत शिकायला घातले. गिटारचा पहिला गुरू अंधच होता. वडिलांचा भरवसा मात्र पियानोवर. १८७४ साली तो माद्रिदच्या संगीतविद्यालयात गेला.

पुढे गिटार जिंकली, पण पियानो सुटला नाही. शोपँ, बीथोवन, अल्बेनिस यांच्या पियानोरचना त्याने सहा तारांवर उतरवल्या. आपल्यातल्या पेटीवाल्यांना यातली अडचण चटकन कळेल. पेटीवर एका स्वराची जागा एकच. गिटारवर पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर दुसरीवर पाचव्या पडद्याशी, तिसरीवर नवव्याशी पुन्हा भेटतो. कुठला घ्यावा, हे प्रत्येक वेळी ठरवायचे! शिवाय छेडलेला स्वर लगेच विरतो. 'रेकुएर्दोस दे ला आल्हांब्रा'त त्याने तीन बोटांनी एकच स्वर झरझर छेडून तो अखंड भासवला, साथ अंगठ्याकडे.

१९०६ साली पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, म्हणजे छेडणारा हातच गेला. तरी लेखन थांबले नाही. १५ डिसेंबर १९०९ रोजी बार्सिलोनात तो वारला. त्याच महिन्यात लिहिलेले 'ओरेमुस' शुमानच्या एका पियानोरचनेवरून घेतलेले होते.