उरलेल्या वेळातला लेखक : ब्रॅम स्टोकर

वाचण्याआधी : 'ड्रॅक्युला' हे नाव ऐकलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?

काळा झगा, लांब सुळे, अंधारा वाडा... ड्रॅक्युला बहुतेकांना ठाऊक असतो. पण त्याला जन्म देणारा लेखक आयुष्यभर नोकरी करत होता, हिशेब आणि पत्रं यांतून उरलेल्या वेळात लिहीत होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या लेखकाचं नाव ब्रॅम स्टोकर.

अंथरुणातली वर्षं

ब्रॅमचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फ इथे झाला. सात भावंडांतला तो तिसरा. वडील डब्लिन कॅसलमधल्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. तेव्हा आयर्लंडवर ब्रिटिशांचं राज्य होतं आणि देशात भयंकर दुष्काळ पडला होता. गरिबांचं पोट बटाट्यावर चालायचं आणि नेमका त्याच पिकावर रोग पडला. लाखो माणसं दगावली, लाखो देश सोडून गेली.

स्टोकरांच्या घरात खायला कमी नव्हतं, पण ब्रॅम सतत आजारी. सात वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. दुखणं काय, ते डॉक्टरांना कळलंच नाही. उशाशी बसून आई शार्लट त्याला गोष्टी सांगायची. तिचं लहानपण स्लायगो गावात गेलं होतं. १८३२ साली तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ती १४ वर्षांची होती. ओस पडलेले रस्ते, घाईघाईनं पुरलेली माणसं, आणि त्यांतली काही अजून जिवंत असल्याच्या बातम्या! या परीकथा नव्हत्या. तिनं पाहिलेल्या, ऐकलेल्या गोष्टी होत्या. ब्रॅम त्या विसरला नाही. मोठा झाल्यावर त्यानं आईकडून त्या लिहूनही घेतल्या.

पुढे तब्येत सुधारली, आणि ती कशी! १८६४ साली ट्रिनिटी कॉलेजात गेला तेव्हा हा उंचपुरा मुलगा मैदानावर बक्षिसं मिळवू लागला.

कचेरी आणि नाटक

पुढे स्टोकर वडिलांसारखेच डब्लिन कॅसलमध्ये कारकून झाले. काम रटाळ होतं. पण संध्याकाळ त्यांची स्वतःची होती. नाटकं बघायची आणि त्यांची परीक्षणं वर्तमानपत्रात लिहायची, तीही फुकट! त्या वर्तमानपत्राच्या मालकांपैकी एक होते शेरिडन ले फानू, भयकथांसाठी गाजलेले आयरिश लेखक. त्यांची 'कार्मिला' ही कथा १८७२ साली पुस्तकात आली. तिच्यात एक रक्त पिणारी तरुणी आहे. अशा प्राण्याला व्हॅम्पायर म्हणतात. आपल्या गोष्टींतला वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. व्हॅम्पायर मात्र स्वतःच मेलेला असतो, तरी रात्री उठून फिरतो.

१८७६ साली प्रसिद्ध नट हेन्री आयर्व्हिंग डब्लिनला आले. स्टोकर यांनी लिहिलेलं परीक्षण त्यांना इतकं आवडलं, की दोघांची मैत्री जमली. दोन वर्षांनी आयर्व्हिंग यांनी लंडनचं लायसियम थिएटर चालवायला घेतलं आणि स्टोकर यांना व्यवस्थापक म्हणून बोलावलं. स्टोकर यांनी पक्की सरकारी नोकरी सोडली, फ्लॉरेन्स बाल्कोम हिच्याशी लग्न केलं आणि लंडन गाठलं. गंमत बघा, त्यानंतर १८७९ साली त्यांचं एक पुस्तक आलं, ते होतं आयर्लंडच्या कोर्टातल्या कारकुनांच्या कामाबद्दल!

थिएटरचं काम म्हणजे नुसती धावपळ. तिकिटांचा हिशेब, ढीगभर पत्रं, परदेश दौरे आणि रात्री उशिरापर्यंत आयर्व्हिंग यांच्याबरोबर जेवणं. स्वतःच्या लेखनाला वेळ मिळायचा तो सुट्टीत.

सात वर्षांची टिपणं

मार्च १८९० मध्ये स्टोकर यांनी एका नव्या कादंबरीची टिपणं काढायला सुरुवात केली. पुस्तक बाहेर यायला सात वर्षं लागली. इतकी का? कारण अडचणी एक-दोन नव्हत्या.

पहिली अडचण जागेची. आधी त्यांनी स्टायरिया हा प्रदेश निवडला होता. पण ले फानू यांची कार्मिला तिथलीच. मग त्यांनी ट्रान्सिल्व्हेनिया घेतला. तिथे ते कधीच गेले नव्हते! त्यांनी प्रवासवर्णनं वाचली, नकाशे पाहिले, तिथल्या लोकांच्या समजुती उतरवून घेतल्या.

दुसरी अडचण नावाची. खलनायकाचं नाव त्यांनी साधंच ठरवलं होतं, काउंट वॅम्पायर. १८९० च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावी सुट्टीला गेले. तिथल्या वाचनालयात एका जुन्या पुस्तकात त्यांना 'ड्रॅक्युला' हे नाव सापडलं. त्याच गावात त्यांनी १८८५ साली वादळात फुटलेल्या एका जहाजाची माहिती मिळवली. जहाज होतं 'दिमित्री', नार्वा बंदराचं. कादंबरीत त्याचं 'डिमीटर' झालं आणि नार्वाचं झालं वार्ना!

तिसरी अडचण गर्दीची. टिपणांमध्ये एक गुप्तहेर होता, एक जर्मन प्राध्यापक होता. पुस्तकात ते दिसत नाहीत. लिहिलेलं काढून टाकायलाही धीर लागतो.

सगळ्यांत अवघड होतं ते वाचकाला पटवणं. यावर स्टोकर यांनी छान युक्ती काढली. लेखक स्वतः काहीच सांगत नाही. सगळी गोष्ट पात्रांच्या रोजनिशा, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्राची कात्रणं यांतून कळते. आगगाड्यांच्या वेळासुद्धा त्यांनी टिपून ठेवल्या होत्या. आजूबाजूचं सगळं खरं वाटलं, की मधलं एक खोटं खपून जातं. रोज कागदपत्रं हाताळणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं, नाही का?

नाव कुणाचं राहिलं?

मे १८९७ मध्ये 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झालं. परीक्षणं बरी आली, पण स्टोकर श्रीमंत झाले नाहीत. १८९८ साली आगीत लायसियमचे नेपथ्याचे पडदे आणि सामान जळालं. १९०५ साली आयर्व्हिंग वारले. त्यानंतर स्टोकर यांना पक्षाघाताचा झटका आला. तरी ते लिहीत राहिले. १९११ साली त्यांना लेखकांसाठीच्या मदतनिधीकडे पैसे मागावे लागले.

२० एप्रिल १९१२ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. टायटॅनिक बुडून जेमतेम पाच दिवस झाले होते. मृत्यूच्या बातम्यांमध्ये त्यांची मुख्य ओळख होती ती आयर्व्हिंग यांचे व्यवस्थापक म्हणून. पुढच्या वर्षी सात वर्षांच्या त्या टिपणांचा लिलाव झाला. किंमत आली दोन पौंडांच्या थोडी वर.

आज ती टिपणं अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयात जपून ठेवली आहेत. डब्लिनमध्ये दर ऑक्टोबरात स्टोकर यांच्या नावानं महोत्सव भरतो. आणि आयर्व्हिंग? ते कोण, हे आता स्टोकर यांची गोष्ट सांगतानाच समजावून सांगावं लागतं.

वाचून झाल्यावर
१. आईच्या गोष्टी आणि 'ड्रॅक्युला' यांत तुम्हाला कोणतं नातं दिसतं?
२. स्टोकर यांना कादंबरी लिहिताना आलेल्या अडचणी तुमच्या शब्दांत सांगा.
३. न पाहिलेल्या एखाद्या गावाची माहिती मिळवा आणि तिथे घडणारी गोष्ट रोजनिशीच्या रूपात लिहा. (८ ते १० ओळी)