दगडांतील समुद्र वाचणारे दाराशा वाडिया

सुरतेचे नाव घेतले की तापीचा काठ, जुने बंदर, जरीचे काम आणि हिऱ्यांचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. इतिहासाच्या पुस्तकातून इंग्रजांची वखार आणि शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्या आपणांस परिचित असतात. परंतु याच नगरीत भारतभूमीच्या खडकांचा इतिहास जगापुढे मांडणारा एक थोर शास्त्रज्ञ जन्मास आला, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव दाराशा नौशेरवान वाडिया. आपल्या कडोदऱ्याहून त्यांचे जन्मस्थान अवघ्या काही कोसांवर आहे. त्यांचे कार्यक्षेत्र मात्र काश्मीरच्या हिमशिखरांपासून सिंहलद्वीपापर्यंत पसरले होते.

दाराशांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८३ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. वाडिया म्हणजे जहाजे बांधणारा. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस गेले आणि तेथील गोदीत त्यांच्या वंशजांनी पुढे अनेक पिढ्या उत्तमोत्तम जहाजे बांधली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. अशा समुद्राशी नाते सांगणाऱ्या घराण्यात दाराशा जन्मले खरे, पण त्यांच्या घरी वैभव नव्हते. वडील रेल्वेच्या एका लहानशा स्थानकावर स्टेशनमास्तर होते. तेथे मुलांच्या शिक्षणाची सोय नसल्यामुळे दाराशांचे बालपण सुरतेत आजीच्या छायेत गेले. प्रथम एका खासगी गुजराती शाळेत आणि नंतर सर जे. जे. इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी धडे गिरवले. वयाच्या अकराव्या वर्षी ते बडोद्यास गेले आणि तेथील हायस्कुलात शिकू लागले.

त्या काळी बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड महाराजांच्या प्रोत्साहनाने विद्येला मोठे उत्तेजन मिळत होते. बडोदा कॉलेजात सृष्टिविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अदरजी मसानी यांनी या तरुणाच्या मनात निसर्गाच्या अभ्यासाची गोडी रुजविली. वनस्पती, प्राणी आणि खडक या तिन्ही विषयांचा अभ्यास दाराशांनी एकाच तन्मयतेने केला. १९०३ साली ते विज्ञानाचे पदवीधर झाले आणि १९०६ साली त्यांनी जीवशास्त्र व भूशास्त्र हे विषय घेऊन एम. ए. ची पदवी संपादन केली. भूशास्त्र शिकावयाचे तर विलायतेस गेले पाहिजे, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. दाराशांचे सर्व शिक्षण मात्र गुजरातेतच पुरे झाले.

१९०७ साली जम्मू येथे प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेज सुरू झाले आणि तेविसाव्या वर्षी दाराशा तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी १४ वर्षे अध्यापन केले. प्रयोगशाळेची साधने तुटपुंजी होती. परंतु कॉलेजच्या दारातून बाहेर पडले की समोर डोंगर उभे! दाराशांनी त्या डोंगरांनाच आपली प्रयोगशाळा केले. सुट्टी लागली की हातोडी, होकायंत्र आणि टिपणवही घेऊन ते बाहेर पडत व विद्यार्थ्यांनाही बरोबर घेत. दगड कसा फोडावा, त्याचे थर कोणत्या दिशेस झुकले आहेत हे कसे पाहावे, त्यात दडलेला जीवाश्म कसा ओळखावा, हे सारे ते प्रत्यक्ष दाखवीत. याच भटकंतीत शिवालिक टेकड्यांच्या खडकांत स्टेगोडॉन नावाच्या, हत्तीच्या जातीतील प्राचीन प्राण्याचा सुमारे १० फूट लांबीचा सुळा त्यांना गवसला.

जम्मूच्या डोंगरांतील आणखी एक जीवाश्म मात्र आपणां सुरत जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना अधिक जवळचा वाटेल. तेथील चुनखडकांत नाण्यासारखे चपटे व वाटोळे दगडी तुकडे सापडतात. त्यांना नुम्युलाइट म्हणतात. उथळ व उबदार समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या, एकाच पेशीच्या जीवांची ती कवचे होत. त्यांचे वय सुमारे ५ कोटी वर्षे आहे. हीच कवचे आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात तडकेश्वराच्या परिसरात आणि पुढे भरूच जिल्ह्यातही आढळतात. म्हणजे ज्या काळी सुरतेच्या उत्तरेकडील भूमीवर समुद्राच्या लाटा खेळत होत्या, त्याच काळी आजच्या हिमालयाच्या पायथ्याशीही समुद्र होता. एका ठिकाणी तो तळ आज शेतजमिनीखाली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो उचलला जाऊन डोंगराचा भाग झाला आहे. दगड मुका असतो असे आपण म्हणतो. पण ज्याला त्याची लिपी येते, त्याच्याशी तो बोलतो. दाराशांना ती लिपी अवगत झाली होती.

शिकविता शिकविता त्यांना एका उणिवेची जाणीव झाली. भारताच्या भूरचनेवर विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल असे सुगम पुस्तक नव्हते. सरकारी खात्याचा मोठा ग्रंथ होता, पण तो जुना झाला होता आणि विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलाही नव्हता. तेव्हा जम्मूच्या या प्राध्यापकाने स्वतःच लेखणी उचलली. १९१९ साली त्यांचा भारताच्या भूशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या व कित्येक पिढ्यांनी त्यावरून अभ्यास केला. समुद्र आणि भूमी यांच्या बदलत्या सीमांचीही त्यात चर्चा आहे. मुंबईस गोदी खणताना भरतीच्या पातळीखाली झाडांची खोडे मुळांसह उभी सापडली होती. म्हणजे तेथे पूर्वी कोरडी जमीन होती. याउलट काही किनाऱ्यांवर समुद्राने घडविलेले थर आज पाण्याच्या बरेच वर दिसतात. किनारा ही कायमची आखलेली रेघ नव्हे, हा विचार अशा खुणांवरून मनात ठसतो.

१९२१ साली दाराशा भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय ३८ वर्षांचे होते. या खात्यातील वरिष्ठ जागांवर बहुतेक युरोपियन अधिकारीच असत. परदेशी विद्यापीठाची पदवी नसलेल्या भारतीयाने अशा जागी येणे हे त्या काळी अपूर्वच होते. आता आपल्या पदवीचा नव्हे, तर कामाचा कस लागणार, हे ते जाणून होते. पूंछ, काश्मीर, हजारा आणि नंगा पर्वताचा परिसर त्यांनी पायी तुडविला. कडाक्याच्या थंडीत तंबूत राहावे, पहाटे चढणीस लागावे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात दिवसभराची टिपणे नकाशावर उतरावीत, असे या खात्यातील क्षेत्रकार्याचे जिणे होते.

या परिश्रमांतून त्यांनी एक मोठे कोडे सोडविले. हिमालयाच्या रांगा आग्नेयेकडून वायव्येकडे जातात आणि काश्मीरच्या पलीकडे एकाएकी दक्षिणेकडे वळतात. हे वळण का पडले? दोन्ही बाजूंच्या रांगांतील खडक वेगळे असावेत, अशी शंका येणे साहजिक होते. दाराशांनी थरामागून थर जुळवून दाखविले की, वळणाच्या दोन्ही अंगांस तेच खडक त्याच क्रमाने आहेत. म्हणजे पर्वतरांग एकच आहे. भारतीय द्वीपकल्पाच्या अतिप्राचीन व कठीण भूमीचा एक जिभेसारखा भाग पंजाबच्या मैदानाखालून उत्तरेकडे घुसलेला आहे आणि मऊ थर वर उचलले जाताना त्या अडसराभोवती वळले, असा सिद्धान्त त्यांनी १९३१ साली मांडला. पुढे भूखंडांच्या सरकण्याचा सिद्धान्त सर्वमान्य झाला, तेव्हाही दाराशांनी केलेले हे निरीक्षण पायाभूत ठरले.

१९३८ साली निवृत्त झाल्यावर ते श्रीलंकेत सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून गेले व तेथे १९४४ पर्यंत राहिले. याच काळात, १९४३ साली, लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने त्यांना लायल पदक दिले. मायदेशी परतल्यावर भारत सरकारने त्यांना भूशास्त्रविषयक सल्लागार नेमले. १९४९ साली अणुऊर्जेसाठी लागणाऱ्या खनिजांचा शोध घेण्याकरिता नवा विभाग स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याच खांद्यावर आली. वयाची पासष्टी उलटली होती. पण स्वतंत्र देशाला युरेनियम हवे होते, आणि ते कोणत्या खडकांत शोधावे हे तरुण भूशास्त्रज्ञांना सांगणारा अनुभवी पुरुष हवा होता. १९५१ साली आजच्या झारखंडातील जादुगुडा येथे युरेनियमचा साठा सापडला.

विद्यार्थीमित्रहो, युरेनियम म्हटले की आपणांस अणुभट्टी आठवते. परंतु हेच मूलद्रव्य समुद्राच्या इतिहासाचे घड्याळही आहे. जामनगरजवळच्या पिरोटन बेटाभोवती जिवंत प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे समुद्रातील लहान प्राण्यांच्या वसाहती. खडक रचणारे प्रवाळ सूर्यप्रकाश पोहोचेल अशा उथळ व उबदार पाण्यातच वाढतात. समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन ते आपले घर बांधतात, आणि त्या चुन्याबरोबर किंचित युरेनियमही त्यात येते. थोरियम मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; म्हणून नव्या प्रवाळात ते नसल्यासारखेच असते. काळ जातो तसतसे प्रवाळातील युरेनियम ठराविक गतीने क्षय पावते आणि त्यापासून थोरियम तयार होत जाते. या दोहोंचे प्रमाण मोजले की तो प्रवाळ केव्हा वाढला, हे कळते. सुमारे ५ लाख वर्षांपर्यंतचे वय या रीतीने काढता येते.

वय कळले, प्रवाळ कोणत्या उंचीवर सापडला तेही कळले, की समुद्राची तत्कालीन पातळी ठरविता येते. मात्र प्रवाळाचा खडक आज पाण्याबाहेर दिसला, म्हणून समुद्रच खाली गेला असे लगेच म्हणता येत नाही; कदाचित जमीनही वर उचलली गेली असेल. यासाठी निरनिराळ्या किनाऱ्यांवरील प्रवाळांची तुलना करावी लागते. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस, न्यू गिनी आणि इतर अनेक ठिकाणी असा अभ्यास झाला. आपल्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ओखा-द्वारकेच्या बाजूसही जुने प्रवाळ-खडक पाण्याबाहेर उभे आहेत, आणि त्यांचीही कालगणना शास्त्रज्ञांनी केली आहे. या साऱ्यांतून दिसून आले की, सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून ६ ते ९ मीटर उंच होता. आणि सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी हिमाच्या रूपात गोठले असताना, तो आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा खंभातचे आखात कोरडी भूमी होती आणि आपली तापी आजच्या मुखाच्या पलीकडे कितीतरी दूर जाऊन समुद्रास मिळत होती.

प्रवाळांची ही कालगणना दाराशांनी केली नाही. ते काम त्यांच्या नंतरच्या शास्त्रज्ञांचे. तथापि खडकातील जीवाश्म पाहावा, त्याची उंची व थर नोंदवावा आणि त्यावरून लोपलेल्या समुद्राची सीमा आखावी, ही जी शिस्त या अभ्यासास लागते, ती भारतीय विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविण्यात त्यांच्या ग्रंथाचा व शिकवणीचा वाटा मोठा आहे. आज पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे समुद्राची पातळीही हळूहळू वाढत आहे. सुरतेसारख्या सखल भागातील नगराच्या दृष्टीने हा केवळ ग्रंथातला प्रश्न नव्हे. तापीच्या पुराचे पाणी समुद्राच्या भरतीने अडते तेव्हा काय होते, हे येथील वडीलधाऱ्या माणसांना विचारावे. समुद्र पुढे कोठवर येईल याचा अंदाज बांधावयाचा, तर तो पूर्वी कोठवर आला होता हे आधी जाणले पाहिजे.

दाराशांच्या वाट्याला उतारवयात अनेक सन्मान आले. १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले आणि १९५८ साली भारत सरकारने पद्मभूषण ही पदवी अर्पण केली. १९६३ साली ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले. १९६४ साली दिल्लीस भरलेल्या जागतिक भूशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तरीही त्यांचे मन हिमालयातच गुंतलेले होते. या पर्वताच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था असावी, हा त्यांचा ध्यास १९६८ साली फळास आला. पुढच्याच वर्षी, १५ जून १९६९ रोजी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. ती संस्था १९७६ साली देहरादून येथे गेली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

स्टेशनमास्तरांचा हा मुलगा गुजराती शाळेत शिकला, बडोद्यास पदवीधर झाला आणि जम्मूच्या डोंगरांत शिक्षक म्हणून राहिला. मोठी प्रयोगशाळा मिळेपर्यंत तो थांबला नाही. जे डोंगर समोर होते, त्यांनाच त्याने प्रश्न विचारले. आपल्यापैकी अनेकांची घराणी खानदेशातून आली आहेत. जी तापी तेथील काळ्या रानांतून वाहते, तिनेच आणलेल्या गाळावर आपण येथे राहतो. विहीर किंवा इमारतीचा पाया खणताना वर येणारी माती, नदीकाठचे थर, समुद्रकाठच्या वाळूतील शिंपले, यांतही या भूमीची कहाणी लिहिलेली आहे. ती वाचण्याची जिज्ञासा आपल्यापैकी एकाच्या जरी मनात जागी झाली, तरी सुरतेच्या या सुपुत्राचे स्मरण सार्थकी लागेल.