विल्यम ल्यॉन मॅकेन्झी किंग

विल्यम ल्यॉन मॅकेन्झी किंग (१७ डिसेंबर, १८७४ – २२ जुलै, १९५०) हे कॅनडाचे दहावे पंतप्रधान व लिबरल पक्षाचे नेते होते. १९२१ ते १९२६, १९२६ ते १९३० आणि १९३५ ते १९४८ अशा तीन कालखंडांत मिळून ते एकवीस वर्षांहून अधिक काळ पंतप्रधानपदावर होते. कॅनडात इतका काळ हे पद दुसऱ्या कोणीही भूषवलेले नाही. सार्वजनिक जीवनात संदिग्ध व सावध बोलणारे म्हणून ते ओळखले जात. मात्र सहकारी, विरोधक आणि परदेशी राज्यकर्ते यांच्याविषयीची आपली मते त्यांनी जवळजवळ सत्तावन्न वर्षे खासगी रोजनिशीत लिहून ठेवली. ही रोजनिशी आता कॅनडाच्या संघीय राजकारणाच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन मानली जाते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

किंग यांचा जन्म ओंटारियो प्रांतातील बर्लिन या गावी झाला. हे गाव पुढे किचनर या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांचे वडील जॉन किंग हे वकील होते. आई इझाबेल या विल्यम ल्यॉन मॅकेन्झी यांच्या कन्या होत्या. मॅकेन्झी हे टोराँटोचे पहिले महापौर आणि अप्पर कॅनडातील १८३७ च्या बंडाचे पुढारी होते. आजोबांचे नाव धारण करणाऱ्या किंग यांच्या मनावर आईने सांगितलेल्या त्यांच्या कथांचा खोल परिणाम झाला. आजोबांचे अपुरे राहिलेले कार्य आपण पूर्ण करावयाचे आहे, अशी त्यांची धारणा होती.

किंग यांनी टोराँटो विद्यापीठातून १८९५ साली पदवी घेतली. त्यानंतर शिकागो व हार्वर्ड या विद्यापीठांत अर्थशास्त्र आणि कामगार प्रश्न यांचा अभ्यास केला. हार्वर्ड विद्यापीठाने १९०९ साली त्यांना डॉक्टरेट दिली. टोराँटोत विद्यार्थी असताना, ६ सप्टेंबर, १८९३ रोजी त्यांनी रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला.

सरकारी सेवा आणि भारतीय स्थलांतराचा प्रश्न

१९०० साली किंग सरकारी सेवेत दाखल झाले. नव्याने स्थापन झालेल्या कामगार खात्याचे उपमंत्री या प्रशासकीय पदावर त्यांची नेमणूक झाली. संप मिटवण्यासाठी दोन्ही पक्षांत मध्यस्थी करण्याचे काम त्यांनी अनेकदा केले. सप्टेंबर १९०७ मध्ये व्हँकूव्हर येथे आशियाई रहिवाशांविरुद्ध दंगल झाली. त्यातील जपानी व चिनी रहिवाशांच्या नुकसानीची चौकशी किंग यांच्याकडे सोपविण्यात आली.

भारतातून कॅनडात होणाऱ्या स्थलांतराबाबत ब्रिटिश सरकारशी बोलणी करण्यासाठी १९०८ साली त्यांना लंडनला पाठविण्यात आले. भारतीय हे ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन असल्यामुळे त्यांच्यावर उघड बंदी घालणे साम्राज्य सरकारला अडचणीचे होते. यातून मार्ग म्हणून मायदेशातून थेट व अखंड प्रवास करून येणाऱ्यांनाच कॅनडात प्रवेश देण्याचा नियम करण्यात आला. भारतातून असा प्रवास करणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे नियमात भारताचे नाव नसतानाही भारतीयांचे स्थलांतर जवळपास थांबले. १९१४ साली कोमागाता मारू या जहाजावरील प्रवाशांना व्हँकूव्हरच्या बंदरातून परत पाठविण्यात आले, ते अशाच नियमांच्या आधारे.

राजकारणात प्रवेश

१९०८ च्या निवडणुकीत किंग हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. पुढील वर्षी पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिये यांनी त्यांना कामगारमंत्री केले. १९११ साली लिबरल पक्षाचा आणि स्वतः किंग यांचाही पराभव झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानासाठी औद्योगिक संबंधांवर काम केले. त्यातून इंडस्ट्री अँड ह्युमॅनिटी हा त्यांचा ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला.

१९१७ साली सक्तीच्या लष्करभरतीवरून लिबरल पक्ष दुभंगला. इंग्रजी भाषक लिबरल नेत्यांपैकी अनेकांनी लॉरिये यांची साथ सोडली. किंग मात्र त्यांच्यासोबत राहिले व निवडणूक हरले. या निष्ठेचे फळ त्यांना दोन वर्षांनी मिळाले. लॉरिये यांच्या निधनानंतर ऑगस्ट १९१९ मध्ये भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात क्वेबेकमधील प्रतिनिधींच्या पाठिंब्यावर किंग यांनी ज्येष्ठ नेते विल्यम फील्डिंग यांचा पराभव केला. कॅनडातील एखाद्या प्रमुख संघीय पक्षाने प्रतिनिधींच्या अधिवेशनात नेता निवडण्याची ही पहिलीच वेळ होती. क्वेबेक आणि इंग्रजी भाषक प्रांत यांच्यात पुन्हा फूट पडू न देणे, हे पुढील तीस वर्षे किंग यांच्या राजकारणाचे मुख्य सूत्र राहिले.

पंतप्रधानपद आणि १९२६ चा पेचप्रसंग

डिसेंबर १९२१ मध्ये किंग पंतप्रधान झाले. १९२५ च्या निवडणुकीत आर्थर मीअन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला अधिक जागा मिळाल्या आणि किंग स्वतःही पराभूत झाले. तरीही प्रोग्रेसिव्ह सदस्यांच्या पाठिंब्यावर त्यांनी सत्ता राखली आणि सास्काचेवानमधील प्रिन्स अल्बर्ट येथून पोटनिवडणूक जिंकली. मजूर सदस्य जे. एस. वुड्सवर्थ यांनी पाठिंब्याच्या बदल्यात वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची मागणी केली. त्यासंबंधीचा कायदा १९२७ साली संमत झाला.

जून १९२६ मध्ये जकात खात्यातील भ्रष्टाचारावरून सरकारचा पराभव होण्याची चिन्हे दिसताच किंग यांनी संसद विसर्जित करण्याची शिफारस केली. गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांनी ती अमान्य केली. किंग यांनी राजीनामा दिला व मीअन पंतप्रधान झाले. मात्र काही दिवसांतच त्यांचे सरकार अवघ्या एका मताने कोसळले. त्यानंतरच्या निवडणुकीत किंग यांनी लंडनहून नियुक्त झालेल्या गव्हर्नर जनरलच्या अधिकारांचा प्रश्न प्रचारात आणला आणि विजय मिळविला. बिंग यांचा निर्णय घटनात्मकदृष्ट्या योग्य होता की नाही, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

१९३० साली आर. बी. बेनेट यांच्या नेतृत्वाखालील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने किंग यांचा पराभव केला. बेरोजगारांच्या मदतीसाठी कॉन्झर्व्हेटिव्ह प्रांतिक सरकारांना पाच सेंटही देणार नाही, अशा आशयाचे त्यांचे संसदेतील विधान या पराभवाचे एक कारण मानले जाते. महामंदीमुळे बेनेट सरकार अप्रिय ठरले आणि १९३५ साली किंग पुन्हा सत्तेवर आले.

रोजनिशी आणि राजकीय नेत्यांविषयीची मते

किंग यांची रोजनिशी सुमारे ३०,००० पृष्ठांची आहे. सुरुवातीची वर्षे ती हस्तलिखित होती. १९३५ पासून बहुतांश नोंदी त्यांनी आपल्या सचिवाला तोंडी सांगून टंकलिखित करून घेतल्या. मंत्रिमंडळातील चर्चा, भेटीगाठी, स्वप्ने, प्रार्थना, प्रकृती, घरातील कुत्रा आणि घड्याळाच्या काट्यांची स्थिती अशा सर्व गोष्टी तीत एकत्र आढळतात.

विरोधी नेत्यांविषयी किंग सभागृहात सहसा संयमाने बोलत. रोजनिशीत हा संयम नाही. मीअन हे टोराँटो विद्यापीठात त्यांचे समकालीन होते. तल्लख बुद्धी व धारदार वक्तृत्व असलेले मीअन आपल्याला तुच्छ लेखतात, ही जाणीव किंग यांना आयुष्यभर सलत राहिली. रोजनिशीत मीअन कठोर व द्वेषपूर्ण वृत्तीचे म्हणून येतात. १९४१ च्या अखेरीस मीअन पुन्हा पक्षनेते झाले. सभागृहात येण्यासाठी त्यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये यॉर्क साउथची पोटनिवडणूक लढविली, पण सीसीएफ या समाजवादी पक्षाच्या उमेदवाराने त्यांना हरविले. लिबरल पक्षाने तेथे उमेदवार दिला नव्हता. या निकालाने किंग यांना झालेला आनंद रोजनिशीत स्पष्ट दिसतो. बेनेट यांना ते अहंमन्य आणि हुकूमशाही वृत्तीचे समजत.

वुड्सवर्थ यांच्याशी तीव्र मतभेद असूनही त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी किंग यांना आदर होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धात उतरण्यास वुड्सवर्थ यांनी विरोध केला, तेव्हा किंग यांनी सभागृहातही हा आदर व्यक्त केला. क्वेबेकमधील सहकारी एर्नेस्ट लापॉइंट यांच्याविषयी रोजनिशीत कृतज्ञता आढळते. चर्चिल यांच्याबद्दल त्यांचे मत आरंभी प्रतिकूल होते, ते युद्धकाळात बदलले.

व्यक्तींची पारख करण्यात किंग चुकतही असत. जून १९३७ मध्ये बर्लिन येथे त्यांनी ॲडॉल्फ हिटलरची भेट घेतली. त्या दिवशीच्या नोंदीत हिटलर हा जनतेविषयी कळकळ असलेला, युद्ध न इच्छिणारा साधा मनुष्य असल्याचे त्यांचे मत दिसते. ही नोंद त्यांच्या राजकीय भोळेपणाचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितली जाते.

दुसरे महायुद्ध आणि लष्करभरतीचा प्रश्न

ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर एका आठवड्याने, १० सप्टेंबर, १९३९ रोजी कॅनडाने संसदेच्या संमतीने स्वतंत्रपणे युद्ध जाहीर केले. परदेशातील सेवेसाठी सक्तीची भरती करणार नाही, असे आश्वासन किंग यांनी क्वेबेकला दिले होते. या आश्वासनातून मुक्त होण्यासाठी एप्रिल १९४२ मध्ये सार्वमत घेण्यात आले. देशभरातील सुमारे ६४ टक्के मतदारांनी होकार दिला, तर क्वेबेकमधील सुमारे ७२ टक्के मतदारांनी नकार दिला. या निकालानंतरही किंग यांनी सक्तीची भरती शक्य तितकी लांबविली.

१९४४ च्या शरद ऋतूत संरक्षणमंत्री जे. एल. राल्स्टन यांनी युरोपातील सैनिकांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून सक्तीच्या भरतीचा आग्रह धरला. राल्स्टन यांनी १९४२ साली दिलेला राजीनामा किंग यांनी तोपर्यंत जपून ठेवला होता. मंत्रिमंडळाच्या बैठकीत तो काढून त्यांनी स्वीकारल्याचे जाहीर केले. स्वेच्छाभरतीचा अखेरचा प्रयत्नही फसल्यावर, तीन आठवड्यांनी किंग यांनी १६,००० पर्यंत सैनिक सक्तीने पाठविण्यास संमती दिली. मंत्रिमंडळ व पक्ष मात्र फुटला नाही. या आठवड्यांतील घडामोडींचा तपशील मुख्यतः रोजनिशीतून ज्ञात झाला आहे.

याच काळात बेरोजगारी विमा (१९४०) आणि कुटुंबभत्ता (१९४४) या योजनांचे कायदे झाले.

वंशभेदाची धोरणे

चिनी स्थलांतर जवळजवळ पूर्ण बंद करणारा १९२३ चा कायदा किंग यांच्या कारकिर्दीत झाला. १९४२ पासून सुमारे २२,००० जपानी वंशाच्या रहिवाशांना ब्रिटिश कोलंबियाच्या किनारपट्टीवरून हलविण्यात आले व त्यांची मालमत्ता विकण्यात आली. १९३९ साली सेंट लुईस या जहाजावरील ज्यू निर्वासितांना कॅनडाने आश्रय दिला नाही. रोजनिशीतील काही नोंदींवरून या धोरणांमागे केवळ मतदारांचे दडपण नव्हते, तर किंग यांचे स्वतःचे वांशिक पूर्वग्रहही होते, असे दिसते. हिरोशिमावरील बॉम्बहल्ल्याच्या दिवशी त्यांनी हे अस्त्र युरोपातील गोऱ्यांऐवजी जपान्यांवर वापरले गेल्याबद्दल समाधान नोंदविले आहे. १९४७ साली चिनी स्थलांतराचा कायदा रद्द झाला आणि भारतीय वंशाच्या कॅनडावासीयांना मताधिकार मिळाला.

खासगी जीवन

किंग अविवाहित होते. १९१५ ते १९२२ या काळात बहीण, वडील, आई व भाऊ यांचे निधन झाले. आईच्या मृत्यूचे दुःख त्यांना कायम राहिले. मृतात्म्यांशी संवाद साधता येतो यावर त्यांचा विश्वास होता. माध्यमांच्या बैठकांत ते आई, लॉरिये व इतर दिवंगतांशी बोलत असल्याचे रोजनिशीत नमूद आहे. त्यांच्या हयातीत सामान्य जनतेला याची कल्पना नव्हती.

निवृत्ती आणि मृत्यू

१ जानेवारी, १९४७ पासून कॅनडाचा नागरिकत्व कायदा लागू झाला व पहिले नागरिकत्व प्रमाणपत्र किंग यांना देण्यात आले. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद लुई सेंट लॉरेंट यांच्याकडे सोपविले. २२ जुलै, १९५० रोजी क्वेबेकमधील किंग्समियर येथे त्यांचे निधन झाले. टोराँटोतील माउंट प्लेझंट स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मृत्युपत्र आणि रोजनिशीचे जतन

आपण निवडून ठेवलेले भाग वगळता संपूर्ण रोजनिशी नष्ट करावी, अशी सूचना किंग यांनी मृत्युपत्रात केली होती. मात्र कोणते भाग ठेवावयाचे, हे त्यांनी स्पष्टपणे निवडून ठेवले नव्हते. त्यामुळे विश्वस्तांपुढे पेच निर्माण झाला. सूचना शब्दशः पाळल्यास अर्ध्या शतकाचा अमूल्य राजकीय दस्तऐवज नाहीसा झाला असता. न पाळल्यास मृताची इच्छा डावलली गेली असती, शिवाय हयात व्यक्तींविषयीची मते उघड झाली असती. विश्वस्तांनी रोजनिशी जपून ठेवली. प्रथम अधिकृत चरित्र व निवडक उतारे प्रसिद्ध झाले आणि १९७० च्या दशकापासून मूळ रोजनिशी टप्प्याटप्प्याने अभ्यासकांसाठी खुली करण्यात आली. १९४५ च्या अखेरच्या काही आठवड्यांचा खंड मात्र सापडलेला नाही. सी. पी. स्टेसी यांच्या १९७६ मधील पुस्तकाने किंग यांचे खासगी जीवन सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचविले. संपूर्ण उपलब्ध रोजनिशी आता कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर वाचता येते.

मूल्यमापन

हयातीत किंग आदरास पात्र ठरले, पण लोकप्रिय झाले नाहीत. निर्णय टाळत राहण्याच्या त्यांच्या पद्धतीवर कवी एफ. आर. स्कॉट यांनी उपहासात्मक कविता लिहिली. रोजनिशी खुली झाल्यावर काही काळ त्यांची प्रतिमा हास्यास्पद झाली. पुढे मात्र त्याच रोजनिशीच्या आधारे, संदिग्धतेमागे देशाची एकता टिकविण्याचा विचार होता, असे अनेक इतिहासकारांनी दाखवून दिले. १९९७ साली मॅक्लीन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इतिहासकारांनी कॅनडाच्या पंतप्रधानांमध्ये त्यांना पहिला क्रमांक दिला. रोजनिशी ही एकाच व्यक्तीची बाजू असल्याने तीतील मते इतर साधनांशी पडताळून घ्यावी लागतात. मीअन व बेनेट यांच्याविषयीच्या नोंदींबाबत ही सावधगिरी विशेष आवश्यक ठरते. कॅनडाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर किंग यांचे चित्र छापले जाते.